जळगाव-भुसावळकडे कडक उन्हाळ्यात फ्लू कमी असतो, मग पावसाळ्यात एकदम का वाढतो?

फ्लू थंडीचाच आजार, हा समज थंड देशांतून आलेला आहे. भारतात बहुतेक भागांत त्याच्या दोन लाटा येतात: जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च.

हवा कोरडी व गार असली की खोकल्यातले थेंब चटकन सुकून हलके होतात, हवेत तरंगत राहतात आणि त्यांतला विषाणू जास्त काळ टिकतो. खान्देशातली जानेवारीची पहाट तशीच असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा कोरडी असली तरी उष्णतेने विषाणू लवकर निकामी होतो. पावसाळ्यात मात्र तापमान उतरते, दमटपणा वाढतो (कोरड्या हवेसारखाच फार दमट हवेतही विषाणू टिकू शकतो), आणि मुख्य म्हणजे माणसे आत कोंडतात. झड लागली की खिडक्या बंद. त्याच सुमारास शाळाही सुरू होतात. माझ्या मते दमटपणाइतकाच हा बंद खोलीचा भाग महत्त्वाचा आहे. पाऊस असला तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाच.

लस मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला घ्या, कारण संरक्षण तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात. दिवाळीनंतर घेतली तर पावसाळ्याची लाट हुकते. ९ वर्षांखालील मुलांना पहिल्या वर्षी ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस लागतात.

याच दिवसांत डेंग्यूही असतो. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदर, वृद्ध, दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत डॉक्टर गाठावा. फ्लूवरचे औषध तेव्हाच सर्वांत उपयोगी पडते.