शिरोलीत फाउंड्रीत काम करतो. विमानाचे भाग आता थर्मोप्लास्टिक कंपोझिटचे का करतायत?

आपल्या गुळाचंच घ्या. तापवला की पातळ, गार झाला की ढेप, परत तापवा, परत पातळ. थर्मोप्लास्टिक तसंच; त्यात कार्बनचे किंवा काचेचे तंतू घातले की झालं कंपोझिट. कंपोझिटमध्ये तंतू धरून ठेवणारं नेहमीचं रेझिन, इपॉक्सी, म्हणजे भाकरी. भाजली की पुन्हा पीठ होत नाही. म्हणून इपॉक्सीचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, तासन् तास ठेवतात, तर थर्मोप्लास्टिकची तापवलेली शीट प्रेसखाली काही मिनिटांत आकार घेते. शिवाय भाग वेल्डिंगने जोडता येतात. रिव्हेट कमी, वजन कमी. पीईईके हे असंच एक थर्मोप्लास्टिक; कार्बन-पीईईकेची घनता साधारण १.६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, ॲल्युमिनियमची २.७. एअरबस ए३८० च्या पंखाच्या पुढच्या कडेला काचतंतू-पीपीएस (पीपीएस हेही थर्मोप्लास्टिकच) वापरलंय. अडचण एकच, पण मोठी: पीईईके ३४३ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे साचे, हीटर सगळंच महाग. अर्थात, रोज लोखंड ओतणाऱ्याला तापमानाचं काय कौतुक!