सह्याद्रीत वीस वर्षं फिरलेल्या माणसाला आइल रॉयल जमेल का?

प्रश्न: वय ५४, राहणार नाशिक. वीस वर्षं सह्याद्रीत भटकतोय. मुलगी मिशिगनमध्ये नोकरीला आहे. येत्या जुलैत तिथल्या लेक सुपीरियर या महाकाय तळ्यातल्या आइल रॉयल नावाच्या बेटावर आठ दिवस कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, उघडी होडी), मासेमारी आणि पाठीवर सॅक टाकून भटकंती, असा बेत तिने आखलाय. मला पोहता येतं, पण कनूत कधी बसलेलो नाही. चढण किती असेल? तिथे लांडगे आहेत म्हणतात, त्यांचं काय? आणि इथे बसून तयारी काय करू?

उत्तर:

जमेल. फक्त तुम्ही चढण आणि लांडगे याच दोन गोष्टींची काळजी करताय, आणि नेमक्या त्याच तुम्हाला काही करणार नाहीत. घाम फोडतं ते होडी खांद्यावर घेऊन चालणं, आणि खरं घाबरायचं असेल तर पाण्याला घाबरा. पोहता येतं म्हणून निर्धास्त होऊ नका, मीही तसाच झालो होतो.

मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या आठवड्यात तिथे होतो. कॉलेजचा एक मित्र तिकडे स्थायिक आहे, त्याच्याबरोबर गेलो. होडी त्याची, अनुभव त्याचा, मी आपला नाशिकहून गेलेला हमाल.

आधी चढणीचं संपवतो. बेट सुमारे ७२ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १४ किलोमीटर रुंद आहे. लांबी म्हणजे नाशिकहून निघून घोटी, इगतपुरी मागे टाकत कसारा घाट उतरावा, साधारण एवढी. पण सगळ्यात उंच डोंगर, माउंट डेसॉर, समुद्रसपाटीपासून ४२५ मीटर. आपण घरात चहा पीत बसतो ते यापेक्षा उंचावर. तळ्याच्या पाण्यापासून मोजलं तर जेमतेम २४० मीटर चढ. कळसूबाईला शिड्या चढून गेलेल्या माणसाला ही टेकडी आहे. बेटाच्या कण्यावरून ग्रीनस्टोन रिज नावाची सुमारे ६४ किलोमीटरची वाट जाते, ती लांब आहे, मुळं आणि दगड पायात येतात, पण कातळटप्पा नाही की दोर लावायची वेळ नाही. ब्रह्मगिरीची फेरी पावसात, रात्री, अनवाणी करणाऱ्या गावच्या माणसाने चालण्याची चिंता करू नये.

रस्ते नाहीत, गाड्या नाहीत. १९४० पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९७६ साली बेटाची जवळजवळ सगळी जमीन कायद्याने निर्जन रान म्हणून राखून ठेवली. हिवाळ्यात तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल अख्खं बेट कुलूपबंद असतं. एरवी पोचायचं ते जहाजाने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. आम्ही होटन गावातून उद्यानाच्याच जहाजाने गेलो, सहा तास लागले. होडी न्यायची तर जहाजच बरं. विमानाने गेलात तर स्टोव्हचं इंधन बरोबर नेता येत नाही, ते बेटावरच्या दुकानात घ्यावं लागतं.

आता पाणी. लेक सुपीरियरला 'तळं' म्हणणं म्हणजे थट्टाच आहे. पृष्ठभाग सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, आपला अख्खा नाशिक जिल्हा त्यात पाच वेळा बसून वर जागा उरेल. खोली काही ठिकाणी ४०० मीटरच्या वर. आणि थंड! जुलैतही किनाऱ्यापासून लांब पाणी दहा अंशांच्या खाली असू शकतं. डिसेंबरात रामकुंडात बुडी मारून कुडकुडणाऱ्यांना रामकुंड कोमट वाटेल. पहिल्या दिवशी धक्क्यावर बसून मी पाय बुडवले. मिनिटभरात घोट्यापाशी असं दुखायला लागलं की जणू कोणी पक्कड लावली. मित्र म्हणाला, "आता विचार कर, सगळा माणूस आत पडला तर?"

अचानक पडलं की पहिल्या मिनिटात धाप लागते, ती आवरता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत. तिथून वाचलात तर दहाएक मिनिटांत बोटं निकामी होतात, दोरी धरता येत नाही, होडीत चढणं दूरच. अंग गार पडून शुद्ध हरपायला त्यानंतरही बराच वेळ लागतो, पण तोवर हातपायच ऐकत नसतात. म्हणजे पट्टीचा पोहणारा बुडतो तो पोहता न आल्यामुळे नाही, पोहायला हात उरत नाहीत म्हणून. लाइफ जॅकेट अंगात, बंद लावून. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट म्हणजे गाडीच्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट. सुती कपडे नाशिकलाच ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब शोषून घेतात.

यावर उपाय म्हणजे मार्ग शहाणपणाने निवडणं. बेटाच्या पूर्व टोकाला रॉक हार्बर आहे, तिथे बाहेरच्या बाजूला लहान बेटांची रांग आडवी आहे, त्यामुळे आतली पट्टी पुष्कळ शांत असते. तुमच्या मुलीला हाच मार्ग घ्यायला सांगा. रॉक हार्बरहून डेझी फार्म, मग मॉस्की बेसिन, तिथून होडी उचलून आतल्या तळ्यांत. उघड्या सुपीरियरवर कनू घालायचा मोह टाळा, कोणी कितीही फोटो दाखवू दे. पहाटे निघायचं, दुपारी वारा उठायच्या आत मुक्कामाला. येताना आम्ही उशीर केला. त्या पट्टीतसुद्धा समोरून ईशान्येचा वारा आला आणि लाटा कडांवरून आत यायला लागल्या, तेव्हा डेझी फार्मला गुपचूप होडी ओढून घेतली आणि अर्धा दिवस लाकडी निवाऱ्यात बसून काढला. तीन बाजूंनी फळ्या, चौथीला डास अडवायची जाळी. हे निवारे आधी आरक्षित होत नाहीत, जो आधी येईल त्याचा.

आता हमाली. मॉस्की बेसिनपासून लेक रिची नावाच्या आतल्या तळ्यापर्यंत रानवाट आहे, तीन किलोमीटरच्या थोडी वर. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात होडी अशी जमिनीवरून नेण्याला पोर्टेज म्हणतात. कनू उलटी करून डोक्यावर घ्यायची, तिच्या मधोमध एक आडवी लाकडी पट्टी असते, तिला मानेच्या मापाची खाच. ती खांद्यांवर टेकते. या पट्टीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'जू'. पहिल्यांदा ते मानेवर आलं तेव्हा पोळ्याला शिंगं रंगवून घ्यायची तेवढी राहिली असं वाटलं.

होडी हलकी होती, वीसेक किलो. पण वजन हा त्रासाचा अर्धाच भाग. पाच मीटर लांबीची वस्तू डोक्यावर असली की समोरची चार पावलं सोडून काही दिसत नाही. वळणावर पुढचं टोक झाडाला लागतं आणि सगळं धूड तुम्हाला गर्रकन फिरवतं. दोन्ही हात कडांना गुंतलेले आणि होडीच्या पोटात, बरोबर तुमच्या कानाशी, डासांचा दरबार भरलेला. मी त्या वाटेवर हात सोडून एक डास मारला आणि होडीसकट झुडपात गेलो.

आणि एका खेपेत सगळं जात नाही. आधी होडी न्यायची, मोकळं परत यायचं, मग सॅक न्यायच्या. म्हणजे तीन किलोमीटरच्या वाटेला दहा किलोमीटर चालणं होतं. बेत आखताना मुलीने हा हिशेब धरलाय का ते आजच विचारा. लेक रिचीपुढे लसाज, लिव्हरमोर, चिकनबोन अशी तळी आहेत, मधल्या वाटा आखूड होत जातात. आम्ही रिचीवर तीन रात्री मुक्काम ठोकला आणि पुढे नुसते रिकाम्या अंगाने हिंडून आलो. त्याचा पश्चात्ताप नाही. आठ दिवसांत सगळं बेट बघायचंय असं ठरवणाऱ्यांना फक्त वाटा दिसतात.

तयारी म्हणाल तर पाय राहू द्या, खांदे आणि मान तयार करा. मी जायच्या आधी दीड महिना पांडवलेणीच्या पायऱ्या खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन चढायचो. सकाळचे फिरणारे लोक आधी हसले, मग एका आजोबांनी विचारलं, नवस आहे का? वल्हवण्याचा सराव गंगापूर धरणाच्या पाण्यावर करा. कनू नाही मिळाली तर कायाक चालेल, इंजिनाच्या बोटीत बसून काही उपयोग नाही. कनूत बाकावर बसण्यापेक्षा गुडघे तळाला टेकून बसलं की वजन खाली राहतं आणि होडी डोलत नाही. यात आपला फायदा आहे: वज्रासनात तास काढणारा माणूस तिकडच्यांपेक्षा जास्त टिकतो. मागे बसणारा दिशा धरतो, पुढचा नुसती ओढ देतो. मुलीला मागे बसवा. बापाने मागे बसायचा हट्ट धरला की होडी गोल फिरते.

मासेमारीचे नियम दोन पाण्यांना दोन. सुपीरियरच्या पाण्यात, म्हणजे रॉक हार्बरच्या पट्टीतही, मिशिगन राज्याचा परवाना लागतो. आतल्या तळ्यांत लागत नाही, पण तिथे गांडूळ, कणकेची गोळी, जिवंत मासा असलं कुठलंही आमिष चालत नाही. फक्त कृत्रिम, धातूचं वगैरे. गोदाकाठी गळ टाकून बसणाऱ्यांसारखं तासन् तास वाट बघणं इथे नाही, सारखं फेकायचं आणि गुंडाळायचं. आतल्या तळ्यांत मुख्य मासा नॉर्दर्न पाइक: लांबट, हिरवट, बदकाच्या चोचीसारखं तोंड आणि आत सुयांसारखे दात. गरी काढायला लांब चिमटा लागतोच, बोटं घालू नका. सुपीरियरच्या बाजूला लेक ट्राउट मिळतो. तिथलाच कोस्टर ब्रूक ट्राउट हाती लागला तर तो सोडूनच द्यायचा असतो.

माझ्या चमच्याला, म्हणजे चमच्यासारख्या धातूच्या आमिषाला, तिसऱ्या फेकीला पाइक लागला. दोरी सरसरून गेली, आणि मी, ज्याला तासभर बजावलं होतं की काहीही झालं तरी उठायचं नाही, तो उठून उभा राहिलो. पुढचं मला नीट आठवत नाही. मित्राने वल्हं पाण्यावर आडवं दाबून होडी सावरली, मी एका गुडघ्यावर आपटलो, आतमध्ये बादलीभर पाणी. लेक रिची उथळ आहे, पाणी त्या मानाने उबदार असतं, म्हणून हे आज हसत सांगतोय. मासा मात्र सुटला नव्हता. संध्याकाळी हळद-तिखट लावून तळला. माझा श्रावण सुरू झालेला, आईला शब्द दिला होता, त्यामुळे पकडला मी आणि खाल्ला मित्राने, दुहेरी काटे काढत, मला वास देत. मी मेतकूट-भात खाल्ला. पापाचा वाटा कोणाचा यावर आमचा अजून निकाल लागलेला नाही.

लांडग्यांचं एवढंच. आठ दिवसांत एकही दिसला नाही, ओल्या वाटेवर पावलं तेवढी दिसली. रक्ताच्या नात्यातच जोड्या जमत गेल्याने वंश खालावून तिथे अखेर दोनच लांडगे उरले होते, म्हणून २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ आणून सोडले. लांडगे आणि मूस नावाचं अवाढव्य हरीण यांच्यावर तिथे १९५८ पासून सलग अभ्यास चालू आहे. अस्वल बेटावर नाही. गंगापूर रोडला बिबट्या निघाल्याची बातमी वाचून सकाळी फिरायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी लांडग्याला काय घाबरायचं? मूसला मात्र मान द्या. पिल्लू बरोबर असलेली मादी वाटेत उभी दिसली तर मागे सरा, मध्ये जाडसर झाड घ्या, फोटो नंतर. आणि खोकड. रात्री बूट तंबूबाहेर ठेवलात तर ते पळवतं, गंमत नाही.

लांडग्यांमुळे एक गोष्ट मात्र गंभीर आहे. त्यांच्या विष्ठेतून एका पट्टकृमीची अंडी पाण्यात येतात, आणि ती क्लोरीनच्या गोळीने किंवा अतिनील दिव्याने मरतील याचा भरवसा नाही. पाणी चांगलं खळखळून उकळा किंवा बारीक छिद्रांच्या फिल्टरने गाळा. गडावरच्या टाक्यातलं पाणी रुमालातून गाळून प्यायची सवय इथे सोडा. आतल्या तळ्यावर हिरवट साय दिसली तर ते पाणी घेऊच नका, त्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही.

राहता राहिला फोन. तो लागत नाही. मुलीला उपग्रहावरून निरोप धाडणारं छोटं यंत्र भाड्याने घ्यायला सांगा. आमच्याकडे नव्हतं. परतताना होटनच्या धक्क्यावर फोन सुरू केला तर एकदम शंभरेक निरोप आदळले, गोदावरीला पूर, दुतोंड्या मारुती पाण्याखाली, आणि त्यात आईचे सतरा फोन: तू कुठे आहेस? मी लांडग्यांच्या बेटावर सुखरूप आणि पाणी शिरलं ते आमच्या गल्लीत. तेव्हा निघायच्या आधी घरी परतीची तारीख कागदावर लिहून द्या, आणि वारा-धुक्यामुळे जहाज किंवा विमान एखादा दिवस अडकू शकतं हेही त्याखाली लिहा. त्या दिवसापुरता शिधाही जास्तीचा घ्या.