मागच्या सीटवर पोरं, पुढे घाट

परीक्षा संपल्या की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख बदलतो. या वेळी बहुतेक पत्रांत विषय एकच होता : स्वतःची गाडी, सहा वर्षांच्या आतली मुलं आणि कोकण. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : पुण्याहून मालवणला जायचं आहे. मुलं दोन, पाच वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. नकाशा आठ तास दाखवतो. रात्री दोनला निघालो तर मुलं झोपेतच कोल्हापूर पार करतील, असं यजमानांचं म्हणणं आहे. मला धाकधूक वाटते. कोणता घाट घ्यावा? (कोथरूड, पुणे)

धाकधूक रास्त आहे. मुलं झोपतील हे खरं, पण त्या वेळी यजमानांचं शरीरही झोप मागत असतं. पहाटे दोन ते पाच हा डुलकी लागण्याचा सगळ्यात वाईट काळ असतो आणि चहाने तो टळत नाही. शिवाय रात्रभर गाडी चालवलेला माणूस दुपारी मालवणात आडवा होणार आणि झोप पूर्ण झालेली दोन मुलं एकट्या आईच्या गळ्यात पडणार.

अंतर साधारण ३८० किलोमीटर आहे. नकाशाचे आठ तास म्हणजे न थांबता धावणाऱ्या गाडीचे. दर दोन तासांनी अर्धा तास थांबा, जेवणाचा एक तास आणि एक-दोनदा आयत्या वेळी ‘शी आली’ धरली, तर अकरा-बारा तास होतात. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे : कोल्हापूरला मुक्काम करा. तिथपर्यंत २३० किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट. खंबाटकी सोडला तर नाव घ्यावा असा घाट नाही. सकाळी साडेसहाला निघा. धाकटीची झोप साधारण अकराच्या सुमाराला असेल तर तेव्हा गाडी कऱ्हाडच्या आसपास असेल. ती झोपलेली असताना उगाच थांबू नका. नाश्त्याचा थांबा आधीच, साताऱ्याजवळ उरका. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू असेल तिथे वळणमार्गांवर वेळ जातो, तो हिशेबात धरा. संध्याकाळी रंकाळ्यावर मुलांना मनसोक्त पळू द्या.

दुसऱ्या दिवशी जेमतेम दीडशे किलोमीटर उरतात आणि घाट सकाळी, ताज्या डोक्याने उतरता येतो. मालवणसाठी दोन रस्ते सोयीचे. एक राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाटाने कणकवलीला उतरतो. दुसरा गगनबावड्यावरून करूळ घाटाने वैभववाडी, तळेरे असा जातो. दोन्हीकडून पुढे कणकवली, कसाल आणि मालवण. दाजीपूरकडे जंगलाचा टप्पा आहे, पंप हाताशी असेल असं धरू नका. टाकी कोल्हापुरातच भरा. आंबोली सुंदर आहे, पण तो रस्ता सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांचा. मालवणसाठी लांबचा पडतो. घाट दुरुस्तीसाठी किंवा दरडीमुळे बंद असू शकतात, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. स्थानिक माणसाला जे ठाऊक असतं ते नकाशाला उशिरा कळतं.

एकाच दिवसात जायचंच असेल तर रात्री नऊला झोपा आणि पहाटे पाचला निघा. त्याआधी नको.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला घाट लागला की हमखास उलटी होते. घरात उलटीचं सिरप आहे, ते देऊ का? आजी आवळा सुपारी द्या म्हणते. (सांगली)

गाडी लागण्याचं मूळ पोटात नसतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण वळतोय, हलतोय. डोळे मात्र समोरच्या सीटची पाठ पाहत असतात आणि सांगतात की सगळं स्थिर आहे. या विसंवादातून मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वाधिक होतो, दोनच्या आत क्वचित. म्हणूनच मोबाइलवर कार्टून लावून दिलेलं मूल घाटात आधी आजारी पडतं. घाट सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधी मोबाइल, पुस्तक, चित्रं रंगवणं, सगळं बंद.

मुलीला बाहेरचा, समोरचा रस्ता दिसायला हवा. मागच्या सीटच्या मधल्या जागेवरून तो उत्तम दिसतो, पण तिथे खांद्यावरून येणारा पट्टा असेल तरच तिला तिथे बसवा. नुसता कमरेचा पट्टा असेल तर नको. मग डाव्या बाजूला, दोन सीटमधल्या फटीतून पुढे दिसेल असं बसवा. खिडकीला लावलेली काळी जाळी घाटापुरती काढा. काच दोन बोटं खाली घ्या. डॅशबोर्डवरची सुगंधी डबी घरीच ठेवून या. तो वास अनेक मुलांना सोसत नाही.

पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. निघण्याच्या तास-दीड तास आधी निम्म्या भुकेइतकं खाऊ घाला : मऊ भात, इडली, भाकरीचा तुकडा. दूध, वडे, मिसळ टाळा. घाटाच्या आधी एखादं कोरडं बिस्किट किंवा मूठभर कुरमुरे चालतात.

अर्धं काम चालवणाऱ्याच्या पायात असतं. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की मूल पुढे आणि बाजूला, दोन्हीकडे ढकललं जातं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावा, वळणात वेग एकसारखा ठेवा आणि बाहेर पडताना हलक्या पायाने वाढवा. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत असेल तर जागा पाहून त्याला पुढे जाऊ द्या.

उलटीआधी खुणा दिसतात : बडबडं मूल गप्प होतं, जांभया येतात, चेहरा पांढरा पडतो, ओठांवर घाम येतो, ते सारखं थुंकी गिळतं. हे दिसताच पुढच्या रुंद जागी थांबा, वळणावर नको. पाच मिनिटं उतरवून दूरवर पाहू द्या. जमलं नाही तर हाताशी झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा ठेवा, आत पिशवी लावून. भाजीच्या पातळ पिशव्यांना हटकून भोक असतं. कपड्यांचा एक जोड, ओला रुमाल, जुना टॉवेल आणि खाण्याच्या सोड्याची पुडी (डागावर भुरभुरला की वास ओढून घेतो) हे सगळं पायाशी असावं. डिकीत बॅगांच्या तळाशी असलेला फ्रॉक त्या क्षणी नसल्यातच जमा. उलटी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं काही देऊ नका, मग चमचा-चमचा पाणी.

आता औषध. घरात असतं ते सिरप बहुधा ऑन्डानसेट्रॉनचं. पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांना ते चांगलं, गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठीची औषधं वेगळी, आणि ती मुलीच्या वजनावरून डॉक्टरांनीच ठरवायची. ती निघण्याआधी किंवा घाटाआधी अर्धा ते एक तास द्यावी लागतात. उलटी सुरू झाल्यावर वेळ गेलेली असते. यातलं प्रोमेथाझीन दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात द्यायचं नाही, श्वास मंदावू शकतो. धाकटं भावंड असेल तर बाटली त्याच्यापासून दूर ठेवा. काही मुलं या औषधाने पेंगण्याऐवजी चिडचिडी होतात, तेव्हा पहिली मात्रा घरी असताना देऊन पाहायची का, हेही डॉक्टरांना विचारा.

आजींची आवळा सुपारी सहा वर्षांच्या मुलीला चालेल, आलेपाकाचा तुकडाही. चार वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र चालत्या गाडीत असलं कडक काही नको. घशात अडकलं तर पुढे बसलेल्याला कळायलाही उशीर होतो.

प्रश्न : दहा किलोच्या नातवाला मी मांडीवर घट्ट धरून बसते. सून म्हणते, वेगळी खुर्चीच हवी. आम्ही एकूण चार मोठे आणि दोन मुलं, गाडी पाच जणांची. (ठाणे)

आजी, हा हिशेब पाहा. गाडी ताशी ५० किलोमीटरने धडकली आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर दहा किलोचं बाळ त्या क्षणापुरतं सुमारे दोनशे किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. पहिलवानालाही ते धरवणार नाही. तुम्ही स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तुमचं वजन बाळावर येतं. एकाच पट्ट्यात दोघं बसलात तर पट्टा आणि तुम्ही यांच्यामध्ये बाळ चिरडतं. कायदाही सुनेच्या बाजूने आहे : मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड आहे.

आसन घेताना आर४४/०४ किंवा आर१२९ या मानकाचं लेबल पाहा. बाळ जितके दिवस त्या आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत आहे तितके दिवस मागे तोंड करूनच बसवा. मान नाजूक आणि डोकं जड असतं. असं आसन पुढच्या, एअरबॅग चालू असलेल्या सीटवर कधीही लावायचं नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला वजनाप्रमाणे पट्ट्यांचं आसन किंवा पाठीसकट बूस्टर (गाडीचा पट्टा मुलाला नीट बसावा म्हणून वापरायची उंच बैठक).

खरी चूक होते ती बसवताना. आसनावर गुडघ्याने भार देऊन गाडीचा पट्टा ओढा. मग पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हललं तर पुन्हा आवळा. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा, चुणी धरता येत असेल तर तो सैल आहे. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा खालून यावेत, पुढे तोंड असताना पातळीवर किंवा वरून. जाड स्वेटर आधी काढा. आणि बाळाला सलग दोन तासांहून जास्त त्यात ठेवू नका, थांबून मोकळं करा.

राहिला माणसांचा प्रश्न. दोन आसनं लागल्यावर मागे जेमतेम एकच मोठं माणूस मावतं. चौथ्याने कोकणकन्या किंवा तुतारी पकडावी. दोन्ही ठाण्याला थांबतात आणि मालवणसाठी कुडाळला उतरता येतं. तिकीट मात्र आरक्षण उघडताच काढा.

प्रश्न : गेल्या वर्षी घाट उतरताना चाकांतून जळका वास आला आणि ब्रेक कमी लागू लागला. दोष गाडीचा की आमचा? (नाशिक)

बहुधा चालवण्याचा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि पकड सुटते. मुलं, सामान आणि पाण्याचे कॅन यांनी गाडी जड झालेली असते, त्यामुळे हे लवकर होतं. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना ठेवा, बहुतेकदा दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा ‘एल’ वापरा. ब्रेक थोडा जोरात लावून पूर्ण सोडा, पुन्हा लावा. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे : गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजच्या गाड्या इंधनाचा पुरवठा तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. वास आलाच तर रुंद जागी अर्धा तास थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते. थंड झाल्यावरही पेडल खोल जात असेल तर पुढे जाऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करता येतो.

निघण्याआधी ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि स्टेपनीची हवा तपासून घ्या. टायरची हवा थंड असताना, भरलेल्या गाडीसाठीच्या आकड्याप्रमाणे. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.

प्रश्न : नऊ महिन्यांचं बाळ डब्याची पावडर पितं. वाटेत कसं करावं? (सोलापूर)

तयार दूध घेऊन निघू नका. मोजलेली कोरडी पावडर छोट्या डब्यांत, एका वेळेची एकात, आणि उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये. पाणी ७० अंशांच्या वर असतानाच पावडर मिसळा, मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. तयार दूध दोन तासांच्या आत संपवायचं. बाळाने तोंड लावल्यावर उरलेलं तासाभरात ओतून टाकायचं. वरणभात गरम असतानाच थर्मासमध्ये भरा. मध वर्षाच्या आत नको, चाटणातूनही नको. पाजणं, भरवणं गाडी थांबवूनच.

प्रश्न : फास्टॅगचा वार्षिक पास या एका सहलीसाठी घ्यावा का? (पुणे)

नको. १५ ऑगस्ट २०२५ ला तो ३,००० रुपयांत सुरू झाला. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. कोल्हापूरपर्यंत खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार नाके, म्हणजे जाऊन-येऊन आठच फेऱ्या. महिन्याला गावी जाणाऱ्याला परवडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो चालत नाही.

प्रश्न : जूनच्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ला पाहता येईल का? (कल्याण)

किनाऱ्यावरून. होड्या आणि पाण्यातले खेळ मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. किल्ल्यात जायचं असेल तर तारीख मागे घ्या.

प्रश्न : मूल गाडीत झोपलंय, मासळी घ्यायला दहा मिनिटं जायचंय. एसी चालू ठेवून गेलो तर? (कोल्हापूर)

नाही. एसी बंद पडू शकतो, मूल जागं होऊन गिअर किंवा दार ओढू शकतं, आणि उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते. एकाने गाडीत थांबायचं, दुसऱ्याने सुरमईचा भाव करायचा. परतल्यावर पट्टा लावण्याआधी बकलचा धातू बोटाने तपासा. मेमधल्या उन्हात त्याचा चटका बसतो आणि मग मूल त्या खुर्चीत बसायलाच तयार होत नाही.