अमेरिकेत टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता शिकवणारा साहाय्यक) म्हणून शिकवताना आपल्या मुलांना वर्गात काय अडचणी येतात?

मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसमधून भौतिकशास्त्रात एमएससी, ऑगस्टमध्ये पीएचडीसाठी अमेरिका, टीएशिपमुळे पहिल्याच सेमिस्टरला लॅब घ्यायची, आणि माझ्या इंग्रजीला पोरं हसतील का, असा तुमचा प्रश्न. मीही कालिन्याचाच. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात टीए होतो, आता इथे मुंबईत शिकवतो.

हसत नाहीत, निदान तोंडावर तरी. इंग्रजीचा फार बाऊ करू नका. शिक्षकाने काय करायचं आणि विद्यार्थ्याने काय, याचा हिशेबच तिकडे वेगळा असतो, गाडी अडते ती तिथे.

सगळ्यात जास्त डोकं खातात ते मार्क. आपल्याकडे 60 टक्क्यांना फर्स्ट क्लास, पेपर तपासला की विषय संपला. तिकडे 88 मिळालेला मुलगा ऑफिस अवर्सना, म्हणजे मुलांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, हजर. एकाने माझ्यासमोर लॅब रिपोर्ट उघडला, आलेखातल्या एरर बारवर (मोजमापातली अनिश्चितता दाखवणारी रेघ) बोट ठेवलं आणि विचारलं, "इथले दोन पॉइंट का गेले?" वाण्याचं बिल तपासावं इतक्या शांतपणे. आपल्याला वाटतं, हा मला शिकवायला आलाय! तसं काही नसतं. रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण याचा तक्ता, पुढे ठेवायचा आणि ती ओळ दाखवायची. तक्ताच नसेल तर मात्र तुमची पंचाईत. तपासायला बसण्याआधी तो बनवा आणि त्याच कोर्सच्या इतर टीएंशी ताडून घ्या.

दुसरं म्हणजे जर्नल, प्रयोगवही. आपल्याकडे जर्नल कसं 'कंप्लीट' होतं ते तुम्हाला मी काय सांगणार! तिकडे दोन रिपोर्टांत तीच वाक्यं दिसली की "जाऊ दे, पोरं आहेत" चालत नाही. कोर्सच्या प्राध्यापकांना कळवायचं, पुढचं ते बघतील. परस्पर बोलावून दम देण्याच्या भानगडीत पडू नका.

बाकी किरकोळ. पोरं नावाने हाक मारतील, सँडविच खातील, न विचारता उठून जातील; सवय होते. मान डोलावून उत्तर देऊ नका, त्यांना हो की नाही ते कळत नाही. आणि कोणाच्या आईचा मेल आला तर गुणांबद्दल अवाक्षर लिहू नका: विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या 1974 च्या फर्पा कायद्यामुळे ते सहसा विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय सांगता येत नाहीत. मेल सरळ प्राध्यापकांकडे पाठवा.

आता उच्चार. डोनाल्ड रुबिन या अमेरिकन संशोधकाचा 1992 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. आवाज एकाच अमेरिकन बाईचा, पण काही मुलांना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना तोच आवाज परका वाटला, आणि व्याख्यानही कमी कळलं. तेव्हा सगळा दोष आपल्या जिभेचा नसतो. उच्चार घासत बसण्यापेक्षा फळा वापरा; आजचा क्रम, नवी संज्ञा, समीकरण, सगळं लिहून बोला.

सेमिस्टरच्या शेवटी मुलं तुमचं निनावी मूल्यमापन करतात. तोवर थांबू नका, महिन्याभरात कोऱ्या चिठ्ठ्या वाटून काय कळत नाही ते लिहायला सांगा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक चिठ्ठ्यांत उच्चाराचा विषयच नव्हता. तक्रार होती ती मी फळ्यासमोर उभा राहून लिहिलेलं झाकतो याची.