सीट फाडणाऱ्या पोराला समोर बसवायचं का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे एका रात्रीत अकरा गाड्यांच्या सीटवर कोणीतरी ब्लेड मारलं. माझ्या ॲक्टिव्हाचा तर पिवळा फोम बाहेर लोंबत होता. आमच्यातल्या एक ताई सकाळी डबे पोचवतात, त्यांनी दोन दिवस सीटवर गोणपाट बांधून गाडी चालवली. सीसीटीव्हीत बघितलं तर शेजारच्या बिल्डिंगमधला सोळा वर्षांचा मुलगा. त्याचे वडील पाकीट घेऊन आले, म्हणे साहेब पैसे घ्या आणि मिटवून टाका. माझी पुतणी सोशल वर्क शिकते, ती म्हणते काका तुम्ही रिस्टोरेटिव्ह जस्टिस करा, त्याला समोर बसवा. मला तर हे सॉरी म्हणून सुटायचं नवीन नाव वाटतंय. पोलिसात गेलेलं बरं ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सुटका तर त्या पाकिटाने होत होती हो! वडिलांनी पैसे मोजले, तुम्ही घेतले, की पोराला एवढंच कळणार की पप्पा आहेत ना. याला आपल्याकडे मांडवली म्हणतात आणि पुतणी सांगते ते रिस्टोरेटिव्ह जस्टिस याच्या बरोब्बर उलट आहे, त्यात ज्याने नुकसान केलं त्याने ज्यांचं झालं त्यांच्यासमोर बसून ते ऐकायचं आणि स्वतः भरून काढायचं.

ही पद्धत आज जशी ओळखली जाते तिची सुरुवात बहुतेक जण कॅनडातल्या एल्मायरा नावाच्या छोट्या गावापासून सांगतात. १९७४ साली दोन तरुण पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली, गाड्यांची टायर फाडली, काचा फोडल्या, म्हणजे तुमच्या पार्किंगचीच मोठी आवृत्ती. मार्क यांट्झी नावाच्या प्रोबेशन ऑफिसरने (कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) सुचवलं की या दोघांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याच दारात पाठवू. कायद्याच्या पुस्तकात असं काही नव्हतं, तरी जज गॉर्डन मॅकॉनेल यांनी मान्य केलं. मग दोघं एकेक दार वाजवत फिरले, यांट्झी आणि त्याचा सहकारी वही घेऊन बाजूला उभे. मीच केलं, तुमचं किती नुकसान झालं, हे त्या पोरांनी आपल्या तोंडाने विचारायचं, आणि काही महिन्यांत भरपाई द्यायची. त्यातला एक जण पुढे कित्येक वर्षांनी स्वतःच लोकांना ही गोष्ट सांगत फिरायला लागला. कोर्टात मान खाली घालून उभं राहणं त्यामानाने सोपं असतं, तिथे वकील बोलतो.

आता तुमचं. हे सोसायटीच्या मीटिंगमधे चाळीस जणांसमोर अजिबात करू नका, ती नुसती बेइज्जती होईल आणि पोरगं अजून बिथरेल. दोन्हीकडे ऊठबस नसलेलं कोणीतरी मधे घ्या, पुतणीच्या कॉलेजातले सर-मॅडम चालतील, पण पुतणी नको, ती तुमच्या घरची. त्यांनी आधी मुलाशी वेगळं, तुमच्याशी वेगळं बोलायचं. मुलगा "मी केलंच नाही" म्हणत असेल तर बैठकच घेऊ नका, आणि डबेवाल्या ताईंना त्याचं तोंड बघायचं नसेल तर त्यांच्यावर जबरदस्ती नको. बसल्यावर प्रश्न साधेच असतात, काय झालं, तेव्हा डोक्यात काय होतं, कोणाला काय भोगावं लागलं, आता भरून कसं काढणार. गोणपाटाची गोष्ट ताईंनी स्वतः सांगू दे. आणि भरपाई पोराच्या अंगाला लागेल अशी ठरवा, वडिलांच्या पाकिटातून नको. सीटवाल्याकडे अकरा गाड्या त्यानेच एकेक करून न्यायच्या, पैसे सुट्टीत काम करून हप्त्याने फेडायचे, हे सगळं तारखा घालून कागदावर.

पोलिसांचा रस्ता यामुळे बंद होत नाही. पण मुलगा अठराच्या आतला आहे, तेव्हा प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाणार आणि एवढ्याशा गुन्ह्यात सहसा एफआयआर नाही, स्टेशन डायरीत नोंद होते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मंडळसुद्धा समज देऊन, समुपदेशन करून किंवा समाजसेवा लावून घरी पाठवू शकतं.

प्रश्न : आमच्या गावात तंटामुक्ती समिती आहे. तेच ना हे?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : नातं आहे, पण तेच नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, बांधाची, वाटणीची कितीतरी भांडणं तिच्यामुळे तालुक्याच्या कोर्टात जायची वाचली हे खरंच आहे. पण गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस, त्यामुळे "आता मिटवाच" असं म्हणणारे वाढतात आणि ज्याच्यामागे माणसं कमी तो गप बसतो. जात पंचायतीचं तर बोलायलाच नको, वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्याकडे २०१६ चा कायदा करावा लागला तो उगाच नाही. न्यूझीलंडने १९८९ साली अल्पवयीन मुलांसाठी कायदाच केला, त्यात मुलगा, त्याचं अख्खं गोत, ज्याला त्रास झाला तो आणि पोलीस एकत्र बसतात, मधे घरच्यांना वेगळं बसून योजना ठरवायला वेळ देतात. तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या रीतीतून बरंच घेतलंय त्यात. तिथेही पंचासारखं वरून निकाल देणारं कोणी नसतं, आणि आमच्या मते सगळा फरक इथेच आहे. तुमच्या समितीत निकाल अध्यक्षच सांगतात का, हे एकदा बघा.

प्रश्न : नवरा हात उचलतो. सासरचे म्हणतात घरातच सगळ्यांनी बसून बोलू, पोलीस कशाला. त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली तर मी काय करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, नका बसू. वरती जे सांगितलं ते तिथेच चालतं जिथे दुखावलेला माणूस न घाबरता नाही म्हणू शकतो. बैठक संपल्यावर तुम्हाला त्याच घरात त्याच माणसासोबत झोपायचंय आणि समोर बसलेले सगळे त्याच्याकडचे, मग तुम्ही तिथे खरं बोलणार कशा? माफी उद्याही मागता येते, त्याची घाई सासरच्यांना आहे, तुम्हाला नाही. आधी १८१ ला फोन करा, मारहाण चालू असेल तर ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्यामार्फत घरातून न काढण्याचा आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. आणि मार लागल्यावर दवाखान्यात गेला असाल तर तो केसपेपर माहेरी नेऊन ठेवा.