चांदोलीत ट्रेक करता येतो का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत विट्याहून पोरांना चांदोलीला न्यायचं म्हणतोय, जंगलात ट्रेक करू देतात का, की नुसतं धरण बघून परत यायचं?

उत्तर : अहो, २००४ पासून ते नॅशनल पार्क आहे आणि २०१० पासून कोयनेसकट टायगर रिझर्व्ह, त्यामुळं मनाला येईल तसं पायी हिंडता येत नाही, फॉरेस्टचं परमिट काढूनच आत जायचं. झोळंबीचा सडा तेवढा बघाच, नुसता जांभ्याचा उघडा कातळ. (वाघ दिसेल म्हणून पोरांना सांगून ठेवू नका!) पण पोरांना चालवायचंच असेल तर सरळ साताऱ्याकडं वळा, बामणोलीहून बोटीनं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडला की वासोटा, म्हणजे व्याघ्रगड, तिथं पूर्वी कैदी ठेवायचे. चढ दाट झाडीतला, ऊन लागत नाही पण दम निघतो. वर बाबूकड्याला मात्र पोरांचा हात सोडू नका. परमिट तिथंही लागतंच, आणि संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं, म्हणून सकाळची पहिली बोट धरा.