दीड वर्षाच्या मुलाचे घरात काढलेले फोटो हललेले येतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दीड वर्षाचा आहे, क्षणभर एका जागी ठरत नाही, मोबाईलवर काढलेला प्रत्येक फोटो हललेला येतो आणि संक्रांतीनंतर घरीच त्याचं बोरन्हाण करायचंय. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिच्या बोरन्हाणाचे दीडशेच्या वर फोटो माझ्याकडे आहेत आणि त्यातल्या एकातही तिचा चेहरा नीट दिसत नाही. त्याची हळहळ अजून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूल हलतं म्हणून फोटो हलतो असं आपण धरून चालतो. खरी अडचण उजेडाची असते. ट्यूबलाइटचा उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, पण कॅमेऱ्याला तो फार थोडा असतो. मग मोबाईल स्वतःहून शटरचा वेळ, म्हणजे एका फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, वाढवतो, सेकंदाचा विसावा-तिसावा भाग, आणि तेवढ्यात मुलाचा हात चार बोटं पुढे गेलेला असतो. पळतं मूल स्पष्ट यायला निदान १/२५० सेकंद हवा, १/५०० मिळाला तर फारच छान. घरात एवढा उजेड फक्त खिडकीजवळ किंवा गॅलरीच्या दाराशी मिळतो. तिथून चार पावलं आत आलात की तो झपाट्याने कमी होतो.

त्यामुळे मुलाला "इकडे बघ, हास" म्हणत मागे लागण्यापेक्षा त्याचं काम उजेडात नेऊन ठेवा. मी गॅलरीच्या दाराशी सतरंजी टाकून स्टीलचे तीन डबे आणि त्यांची झाकणं ठेवायचे, आणि गप्प बसायचे. एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही म्हटल्यावर ती खालचा ओठ दातांत धरून, कपाळाला बारीक आठी घालून ते उलटंपालटं करत राहायची. ते आठ-दहा सेकंद ती जवळजवळ स्थिर असायची. माझा सगळ्यात आवडता फोटो त्यातलाच आहे: एका गालावर दारातला उजेड, गालावरची तीट थोडी फिसकटलेली, आणि झाकणात तिच्या हनुवटीचं प्रतिबिंब.

तुम्हीही जमिनीवर बसा, जमलं तर पालथे झोपा. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलाचा नुसता टाळू येतो. खिडकी तुमच्या पाठीशी किंवा मुलाच्या कडेला असू द्या, मुलाच्या मागे नको. दिवसा खोलीतला दिवा बंदच ठेवा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर येतो. मोबाईलची काच आधी मऊ कापडाने पुसा. लहान मूल असलेल्या घरात तिच्यावर खोबरेल तेलाची बोटं असतातच आणि त्याने सगळा फोटो धुरकट होतो. नाईट मोड बंद करा, कारण त्यात मोबाईल बरेच फोटो घेऊन ते एकावर एक जोडतो आणि तेवढ्या वेळात मूल पुढच्या खोलीत पोचलेलं असतं. त्याऐवजी बर्स्टवर, म्हणजे लागोपाठ फोटो काढायच्या सोयीवर, एका दमात वीस-पंचवीस घ्या, एक-दोन तरी चांगले निघतात. बाकीचे त्याच दिवशी पुसून टाका.

कॅमेरा असेल तर आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत खुशाल वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला सुधारता येत नाही. फक्त जुन्या ट्यूबखाली किंवा स्वस्त एलईडीखाली शटर फार वेगाने ठेवलं तर फोटोत आडवे काळपट पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शेवटी पुन्हा खिडकीच.

आता बोरन्हाण. आम्ही ते संध्याकाळी सात वाजता केलं, तिथेच चुकलं. जानेवारीत साडेसहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. तुम्ही चार वाजता बोलवा आणि पाट खिडकीसमोर मांडा. दुसरी गोष्ट काळ्या कपड्यांची. समोर बरंच काळं दिसलं की कॅमेरा फोटो उजळ करायला बघतो, त्यापायी शटर आणखी मंदावतं आणि हलव्याचे दागिने पांढरेफटक होऊन त्यातला काटाही दिसत नाही. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि शेजारची सूर्याची खूण थोडी खाली ओढा. समोरून फ्लॅश नकोच.

औक्षण होईपर्यंत तो पाटावर बसेल तेवढे फोटो घ्या, मुकुट फार वेळ डोक्यावर राहत नाही. मग पहिलं माप नुसत्या चुरमुऱ्यांचं ओता, हळूहळू, आणि ओतणाऱ्या बाईला खिडकी अडवू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. चुरमुरे लागत नाहीत, त्यामुळे मूल घाबरत नाही, वर बघतं, हात पसरतं. तुम्हाला हवा तो फोटो तेव्हाच मिळतो. बोरं, उसाचे करवे, गोळ्या थेट डोक्यावर न ओतता मागून बाजूला टाका, कारण एकदा ते वेचायला मोठी मुलं तुटून पडली की तोही खाली वाकतो आणि चेहरा दिसेनासा होतो. त्या वेळी तुम्ही मात्र मोबाईल खाली ठेवून त्याच्याकडे लक्ष द्या. दीड वर्षाच्या मुलाच्या घशात बोराची आठळी किंवा गोळी अडकू शकते.